ताटली थांबली तो रविवार

ताटली आज एक क्षण उशिरा आली. किती उशिरा म्हणाल, तर डोळे मिटून बसलेल्या बाईला डोळे उघडावेसे वाटतील एवढी. सुवार्ताबाईंचा हात सवयीनं डावीकडं गेला होता, मांडीपासून वीतभर वर, जिथं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भावजयीच्या हातातून पावाच्या तुकड्यांची ताटली त्यांच्या हातात येई, आणि तो हात तिथं रिकामाच राहिला. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. प्रियदर्शनी ताटली घ्यायची आणि घेतली तशी पुढं द्यायची, आतलं काही न उचलता. बाईंनी डोळे उघडले. प्रियदर्शनीनं ताटली मांडीवर टेकवली होती. दोन बोटांत तिनं पावाचा बारका चौकोनी तुकडा धरला, तळहातावर ठेवला, मूठ मिटली आणि मग ताटली पुढं केली. चेहऱ्यावर काही नाही. मंडईत भेंडी निवडताना असतो तसा चेहरा. सुवार्ताबाईंनी आपलाही तुकडा घेतला खरा, पण कधी घेतला ते नंतर त्यांना आठवेना. सगळ्यांना मिळेपर्यंत तुकडा मुठीत धरून बसायची या मंडळीची रीत आहे. त्या दोन-तीन मिनिटांत माणसानं प्रार्थना करावी अशी अपेक्षा असते. बाई शेजारच्या मुठीकडं बघत होत्या. पाळकांनी सांगितल्यावर सगळ्यांनी खाल्लं. प्रियदर्शनीनंही खाल्लं. मग काचेच्या इवल्याशा पेल्यांचा ट्रे आला, मनुका उकळून गाळलेल्या रसाचा, आणि त्यातलाही एक पेला तिनं उचलला.

आता ज्याला या गोष्टी माहीत नाहीत त्याला वाटेल, पावाचा तुकडा तो काय आणि त्याचं एवढं काय. पण प्रभू येशूनं पकडलं जाण्याआधी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याच्या आठवणीचं हे जेवण. प्रभुभोजन म्हणतात त्याला. कुणी घ्यायचं आणि कुणी नाही हे इथं कुणी ठरवत नाही. पाळक फक्त शास्त्रातला भाग वाचून सांगतात की प्रत्येकानं आधी आपलं अंतःकरण तपासावं आणि मगच हात पुढं करावा. तपासल्यावर काही खुपलं तर ताटली तशीच पुढं द्यायची, बस्स. विचारत कुणी नाही. बघतात मात्र सगळे. कोल्हापुरातलं हे जुनं काळ्या दगडाचं देऊळ (इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात), बायका डावीकडं आणि पुरुष उजवीकडं, आणि डावीकडचा तिसरा बाक सुवार्ताबाईंच्या घराण्याचा. लिहून दिलेलं नाही कुठं, पण आजीपासून तिथंच बसत आलेत. भावजयीशी बोलणं बंद झालं तेव्हा बाईंना वाटलं होतं, ती आपली मागं कुठंतरी जाऊन बसेल. ती गेली नाही. बाईही हलल्या नाहीत. हललं तर हरल्यासारखं दिसलं असतं. म्हणून अकरा वर्षं दोघी एका बाकावर, खांद्याला खांदा लावून, "सलाम" एवढा एकच शब्द बोलून बसत आल्या. आणि प्रत्येक महिन्याला ती ताटली न घेणाऱ्या हातातून घेणाऱ्या हातात जात राहिली. बाईंना त्यात एक समाधान होतं. खोटं कशाला बोला, चांगलंच समाधान होतं. गुन्हा कबूल केल्याशिवाय का कुणी स्वतःचं ताट मागं सारतं?

म्हणून आज शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा सुवार्ताबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. बासष्टाव्या वर्षीही तो खणखणीत आहे; मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून आणि त्याहून जास्त वर्षं रविवारची शाळा चालवून कमावलेला. शेवटी वाकली म्हणायची, असं त्यांच्या मनात येत होतं. कबुली दिली असेल पाळकांकडं. आता कधी ना कधी आपल्याकडंही येईल, दारात उभी राहील, आणि आपण म्हणू, जाऊ दे गं, झालं गेलं. ते "जाऊ दे गं" त्यांनी मनातल्या मनात दोन-तीन आवाजांत म्हणून पाहिलं. एक जरा कठोर निघाला. दुसरा बरा होता. पण गाणं संपलं आणि आशीर्वादाला माना खाली गेल्या तेव्हा त्यांना बारीकसं काहीतरी टोचायला लागलं. प्रियदर्शनीच्या चेहऱ्यावर ते नव्हतं, वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं ते. रडली नाही, ओठ थरथरले नाहीत. उलट तुकडा उचलताना तिनं खांदे सैल सोडले होते, पुष्कळ चालून आलेल्या बाईनं पिशवी खाली ठेवावी तसे. सलाम म्हणून ती निघूनही गेली, नेहमीसारखी, बाजूच्या दारानं.

उपासना संपल्यावर पेले धुवायचं काम बाईंचंच. वेदीमागच्या खोलीत नळाखाली एकेक पेला धरायचा आणि पिराजीमामांनी तो पुसून लाकडी खोक्यात ठेवायचा, हा वर्षानुवर्षांचा क्रम. पिराजीमामा मंडळीतले जुने पंच, पंच्याहत्तरी ओलांडलेले, मूळचे कोडोलीचे; ताटल्या बाकाबाकावरून फिरवतात ते तेच. बोलणं रोखठोक. त्यांच्यासमोर बाईंनी सहज म्हणावं तसं म्हटलं की, बरं झालं बाई, प्रियदर्शनीनं आज घेतलं; उशिरा का होईना, पश्चात्ताप झाला. मामांचा हात पेल्यातच थांबला. त्यांनी चष्म्यावरून बाईंकडं असं पाहिलं की बाईंनी नळ बंद केला.

"पश्चात्ताप?" मामा म्हणाले. "बाई, अकरा वर्सं तुम्ही असं समजून बसलाय व्हय?"

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलंतं. म्हनली, मामा, माझ्या मनात राग हाय. राग घिऊन ह्यो तुकडा खाल्ला तर ते खोटं हुईल. राग जाईल तवा घीन. कुनाला सांगू नका म्हनली, मी बी न्हाय सांगितलं. आज घेतलं म्हंजे संपलं की. म्हणून बोललो."

राग कुणाचा, हे बाईंनी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, आणि विचारलं असतं तर मामांनी सांगितलंही असतं. उरलेले पेले त्यांनी धुतले. एक दोनदा धुतला गेला. मामा पुसत राहिले आणि थोड्या वेळानं नेहमीच्या आवाजात म्हणाले की आज मटणाला गर्दी असणार, पोराला सकाळीच पाठवलंय रांगेत.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. फेब्रुवारीचं कोवळेपण सरून जरा चटका देणारं. रविवारचं कोल्हापूर आपल्या कामाला लागलं होतं. मटणाच्या दुकानांपुढं पिशव्या घेतलेली माणसं, आंघोळ करून निघालेली पोरं, मोटारसायकलीवर तिघं-तिघं. सुवार्ताबाई थांब्यावर उभ्या राहिल्या. राजारामपुरीची बस आली. त्यांचं घर राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. कुकरला डाळ लावायची तेवढी बाकी होती. बस गेली. त्यांना वाटलं, आपण चढलो नाही म्हणजे पुढच्या बसनं जाऊ. पुढचीही आली आणि गेली. छातीत काहीतरी गरम गरम वाटत होतं. त्याला काय म्हणतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण तो शब्द त्यांनी आजवर दुसऱ्यांसाठी वापरला होता. लाज. अकरा वर्षं, वर्षाला बारा, म्हणजे सव्वाशेच्या वर वेळा त्यांनी त्या हातातून ताटली घेतली होती आणि मजेत खाल्लं होतं. डोळे मिटून, हात जोडून, अंतःकरण तपासून बरं का. तपासताना काही सापडलंच नव्हतं.

सापडणार कुठून? तपासायला दिवा लागतो, आणि दिवा त्यांनी दुसऱ्याच्या घरात धरलेला. त्यांना ती बुधवारची महिला मंडळाची बैठक आठवली. आठवली म्हणणं बरोबर नाही. ती कुठं गेलीच नव्हती, फक्त आजवर ती त्यांना आपल्या बाजूनं दिसत होती. प्रियदर्शनी मूळची हुपरीची, बौद्ध घरातली. शांतवननं, बाईंच्या धाकट्या भावानं, नोकरीच्या ठिकाणी ओळख होऊन तिच्याशी लग्न केलं. लग्नानंतर तिनं स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, कुणी बळजबरी केली नव्हती, आणि गीतं तर ती अशी पाठ करायची की जन्माच्या ख्रिस्ती बायकांनी तोंडात बोट घालावं. अकरा वर्षांपूर्वी तिचे वडील वारले. हुपरीला विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, घरची सगळी पांढऱ्या कपड्यांत बसली, आणि तिनंही भावंडांबरोबर बसून मेणबत्ती लावली, फुलं वाहिली, वंदना म्हटली. कुणीतरी फोटो काढला. फोटो काय, पाय फुटतात त्याला; चार दिवसांत तो मंडळीतल्या एकीच्या फोनवर आला आणि तिनं तो बाईंना दाखवला. त्या बुधवारी शास्त्रपाठ घ्यायची पाळी बाईंची होती आणि विषय नेमका, खरी उपासना म्हणजे काय. बाईंनी आज्ञा वाचल्या. मग पुस्तक मिटून, कुणाचं नाव न घेता, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या की आपल्यातल्या काही जणी एका हातानं इथली भाकर घेतात आणि दुसऱ्या हातानं दुसरीकडं मेणबत्ती लावतात. सतरंजीवर बावीस बायका होत्या. एकवीसजणींनी एकीकडं पाहिलं. ती अजून पांढऱ्याच साडीत होती. बाप जाऊन अकराच दिवस झाले होते तिचा. ती उठली, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्याली, भांडं उपडं घातलं आणि गेली. बाईंनी पुढचा अध्याय काढायला सांगितलं.

मेणबत्ती लावणं चूक की बरोबर, याचा निवाडा बाईंना आजही करता आला असता. त्यांची मतं काही एका बससाठी बदलणारी नव्हती. पण त्यांना आता थांब्यावर उभ्या उभ्या दिसलं ते वेगळंच. त्या दिवशी आपल्याला देवाची काळजी वाटली होती का? की आपण त्या पोरीला ताब्यात घेत होतो? शोमरोनी बाईची गोष्ट त्या रविवारच्या शाळेत किती रंगवून सांगत! विहिरीवर आलेली, पाचजणांचा संसार करून थकलेली बाई, आणि ती येशूला विचारते, उपासना कुठं करायची, आमच्या या डोंगरावर की तुमच्या यरुशलेमेत. तो म्हणतो, डोंगर नको आणि यरुशलेमही नको. पित्याला आत्म्यानं आणि खरेपणानं भजणारी माणसं हवी आहेत. मुलांकडून त्या "खरेपणानं" हा शब्द तीन वेळा म्हणवून घेत. आणि संपूर्ण देवळात अकरा वर्षं खरेपणानं कोण बसलं होतं? जिच्या मनात राग होता आणि म्हणून जिनं तुकड्याला हात लावला नाही, ती. बाकीच्यांनी, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, काय काय घेऊन तो गिळला असेल देव जाणे. दुसऱ्यांचं राहू दे, बाईंनी स्वतःला बजावलं, इथंही दुसऱ्यांवर जाऊ नकोस.

कदमवाडीची बस आली आणि त्या चढल्या. कदमवाडीत शांतवनचं घर. आता तिथं प्रियदर्शनी एकटीच असते, मुलगी मोना पुण्यात नर्स आहे. खिडकीशी बसल्यावर बाईंना लहानपणची मोना आठवली, पहिल्या रांगेत पाय हलवत बसणारी. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाचा धडा होता. कापडी चित्रं चिकटतात तशा फलालीच्या फळ्यावर बाईंनी कापडी वेदी लावली होती, कापडी माणूस आणि एक कापडी कोकरू. अर्पण वेदीसमोर ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन ते वाहा, अशी येशूची शिकवण. माणूस फळ्यावरून काढून बाईंनी पदराआड धरला, म्हणजे तो भावाकडं गेला. तर मोना म्हणाली, आत्या, तो परत येईपर्यंत कोकरू धरायचं कुणी? पळून गेलं म्हणजे? सगळा वर्ग हसला. देव धरतो, असं सांगून बाईंनी वेळ मारून नेली होती. आणि शेवटी सगळ्या धड्याचं सार म्हणून सांगितलं होतं की मुलांनो, कुणाचा राग आला असेल तर तो सोडून द्यावा. वर्षानुवर्षं हेच सांगितलं. बस दसरा चौकात वळली तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की धड्यात तसं नाहीच. वेदीपाशी उभा असलेला माणूस रागावलेला नाहीये. त्याला आठवतं ते हे, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. म्हणजे दुखावणारा तो. आणि निघायचंही त्यानंच. ज्याला लागलं त्यानं कोकरू सोडून पायपीट करावी असं कुठंही लिहिलेलं नाही. एवढा सरळ धडा, अक्षरं मोठी, चित्रासकट, आणि तीस वर्षं शिकवणारीनं तो उलटा धरला होता. जिला लागलं ती बिचारी उपाशी थांबली. जिनं निघायचं ती बसून जेवत होती. बाईंना एकदम हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं मावशी? त्यांनी डोळ्यात कचरा गेल्याचं सांगितलं, आणि मग, हेही खोटंच की, असं वाटून पदरानं डोळे पुसले.

जाऊन काय म्हणायचं ते त्या ठरवू लागल्या. शिक्षकी सवय, आधी टाचण काढायचं. मी चुकले. मग पुढं? मला माहीत नव्हतं, हे म्हणायचं नाही, ते पळवाटीचं आहे. शांतवन असता तर, हेही नको. शांतवन त्यांना सांगत होता. दर वर्षी नाताळात येऊन सांगायचा, आणि एकदा तर दारातच, चपला पायात असताना, हुपरीला एकदा जाऊन ये की अक्का, म्हणाला होता. मी कशाला, असं त्या म्हणाल्या होत्या. नंतर करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. ना दवाखान्यात जाता आलं, ना कबरस्तानात. दोन घरांत दोन बायका आपापल्या भिंतींकडं बघत रडल्या. त्या आठवड्यात फोनवर त्या प्रियदर्शनीला म्हणाल्या होत्या, काळजी घे. तिनं म्हटलं होतं, तुम्ही पण. भावाचं एवढंच झालं. त्या साली कुणीच कुणाकडं जात नव्हतं, ही सबब इतकी सोयीची होती की साल उलटलं तरी ती बाईंनी जपून वापरली.

दार उघडंच होतं. प्रियदर्शनी देवळातली साडी बदलून घरच्या साडीत, हाताला कांदा, कपाळाला घाम. सुवार्ताबाईंना दारात बघून ती क्षणभर उभी राहिली. मग या अक्का म्हणाली, जणू त्या दर रविवारी येतात. खुर्ची पुढं ओढली, पंखा लावला, पाणी आणलं. बाईंनी पाणी घेतलं. टाचणातलं एकही वाक्य जागेवर सापडेना. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की पिराजीमामांनी सांगितलं. प्रियदर्शनी ओट्याशी गेली, गॅस बारीक केला आणि परत येऊन समोर बसली.

"कधी गेला गं राग?" बाईंनी विचारलं.

"तसं कळलं न्हाई अक्का. दर पहिल्या रविवारी सकाळी उठले की बघायची, हाय का. असायचाच. कधी ह्यांच्यावर बी निघायचा. आज पहाटे पाणी तापवताना बघितलं तर न्हवता. मला वाटलं, देवळात तुम्ही शेजारी आला की परत यील. तुम्ही आला, सलाम म्हणाला, तरी आला न्हाई. मग घेतलं."

तिच्या बोलण्यात उपकार नव्हते. दूध नासलं नाही असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. बाईंना वाटलं, ही रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला निदान काही देता येतं. त्या म्हणाल्या की आपण चुकलो, सव्वाशे वेळा खाल्लं, तुझ्या हातातून घेऊन खाल्लं, आणि आता पुढच्या महिन्यापासून आपण हात लावणार नाही, जितकी वर्षं तू सोडलंस तितकी आपण सोडू. म्हणताना आवाज चढला, वर्गातला झाला.

"अकरा वर्सं?" प्रियदर्शनी म्हणाली. "म्हणजे तुम्ही त्र्याहत्तर हुईस्तोवर मी एकटीच खायचं? नको अक्का. लई वर्सं झाली एकटीनं. आता दोघींनी मिळून घ्यायचं."

सुवार्ताबाईंनी मान खाली घातली. माफी इतकी सरळ समोर ठेवलेली होती, दोन बोटांत उचलायची फक्त. तरी त्यांचा हात उठेना. काहीतरी राहिलं होतं. मी चुकले हे म्हणून झालं होतं, ते ऐकूनही घेतलं गेलं होतं, आणि तरी काहीतरी त्याच्याही आधीचं राहिलं होतं. त्यांनी वर पाहिलं तर समोरच्या भिंतीवर शांतवनचा फोटो होता, आणि त्याच्या शेजारी त्याच आकाराच्या चौकटीत एक म्हातारा. पांढरा सदरा, गळ्याशी बटण लावलेलं, पुष्कळ वर्षं बारीक काम करणाऱ्या माणसाचे असतात तसे थोडे आत गेलेले डोळे. पैंजणांना घुंगरं जोडायचं काम करत एवढं बाईंनी कधीतरी ऐकलेलं. या माणसावरून त्यांनी बावीस बायकांसमोर एका मुलीला उभं केलं होतं. त्याच्यासाठी लावलेल्या मेणबत्तीचा हिशोब मागितला होता. आणि आत्ता त्या चेहऱ्याकडं बघताना त्यांच्या ध्यानात आलं की त्याला हाक कशी मारायची हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. लग्नात भेटला असेल. नमस्कार केला असेल. त्या आजवर त्याला हुपरीचे म्हणत आल्या होत्या.

"तुझ्या आप्पांचं नाव काय गं?"

प्रियदर्शनीनं चमकून पाहिलं. "गणपत," ती म्हणाली. "छप्पनच्या आधी जन्मलेले ते. धर्म बदलला तरी नाव राहिलं तसंच."

सुवार्ताबाई खुर्चीवरून उठल्या. गुडघे त्यांचे दोन्ही गेलेले. देवळातसुद्धा गुडघ्यावर टेकायचं त्यांनी केव्हाच सोडलंय. खुर्चीच्या हाताला धरून, मग भिंतीला धरून, एक पाय आधी दुमडून त्या खाली फरशीवर बसू लागल्या. प्रियदर्शनी घाबरून पुढं झाली. अक्का, खाली कशाला, खुर्ची हाय की, असं म्हणत तिनं दंड धरला. बाईंनी तो हात हळूच सोडवला आणि बसल्या. डोक्यावरून पदर घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. माणूस गेलेल्या घरी भेटायला आलेली बाई जशी बसते तशा, भिंतीला टेकून, मधे जागा सोडून. प्रियदर्शनी उभीच होती. हातातला कांद्याचा वास, गॅसवरचं पातेलं, रविवारची दुपार, यातलं काही त्या बसण्याशी जुळत नव्हतं. मग तिला कळलं. तिची हनुवटी थरथरायला लागली, अकरा वर्षांत देवळात एकदाही थरथरली नव्हती ती. ती आत गेली, गॅस बंद केला, हात धुतले आणि येऊन बाईंच्या समोर खाली बसली.

"गणपतआप्पांना भेटायला आले," सुवार्ताबाई म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता, गाण्यातलाही नव्हता. "मला उशीर झाला. कसं झालं गं?"

भेटायला आलेला प्रत्येकजण हेच विचारतो आणि घरच्यांनी प्रत्येकाला ते पहिल्यापासून सांगायचं असतं. प्रियदर्शनीनं पदराचा शेव तोंडावर दाबून धरला. मग तिनं पदर खाली घेतला, आणि त्या मंगळवारी सकाळी आप्पा चहा अर्धाच पिऊन कप खाली ठेवत म्हणाले, आज जरा हात जड वाटतोय, तिथपासून ती सांगू लागली.